हातात घेतलेल्या चपला

मी घरातून निघालो तेव्हा माझ्या चपला माझ्या हातात होत्या. गोठ्याच्या बाजूने, शेणाच्या ढिगाला वळसा घालून, अनवाणी, चोरासारखा निघालो. समोरच्या दाराने गेलो असतो तर तळ्याची पाळ, म्हणजे बांध, लागली असती, आणि पाळीवर माझी दोन वर्षांची मुलगी रेणू तिच्या आजीच्या कडेवर होती. त्या दिवशी तळ्यात मासोळी धरायची पाळी आमची नव्हती, तरी बाबांनी मुद्दाम जाळं टाकलं होतं. माझी आई, म्हणजे माय, रेणूला बोटाने दाखवत होती, "पाह्य पाह्य, कशी उडते मासोळी." रेणू टाळ्या वाजवत होती. सडकेवर ऑटोत बसल्यावर मला लांबून तिचा लाल फ्रॉक दिसला, पाठमोरा. मग मी चपला पायात घातल्या.

सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आज ते हायसं वाटणंच जास्त टोचतं.

आमच्याकडे, सिंदेवाहीच्या आसपासच्या गावांत, लहान लेकरू घरात असलं की मोठं माणूस असंच निघतं. लेकरू मागे लागतं, पदर सोडत नाही. मग कोणी त्याला शेळ्या दाखवायला नेतं, कोणी दुकानातून गोळी घेऊन देतं, आणि तेवढ्यात आई धानाच्या रोवणीला, बाप तळ्यावर निघून जातो. "लेकरू रडत ठेवून निघू नये, जाणाऱ्याचा पाय अडकते," असं माय म्हणायची. मलाही लहानपणी असंच भुलवलं असणार आणि माझं त्यात काही बिघडलं नाही. कारण संध्याकाळी माणूस परत यायचं, हातात चिवड्याची पुडी असायची, आणि लेकरू सगळं विसरायचं. आम्ही तीच रीत वापरली. फरक एवढाच की आम्ही संध्याकाळी परत येणार नव्हतो, आणि हा फरक आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखं मूल मागे ठेवून इकडे परदेशात आलेल्यांसाठीही. आपल्यातले बरेच जण आहेत. दिवाळीला इथल्या हॉलमध्ये भेटतो, एकमेकांच्या बिर्याणीचं कौतुक करतो, आणि ज्यांची मुलं अजून तिकडे आहेत ते फोनमधले फोटो दाखवतात. ते फोटो बघताना मी काहीतरी कारण काढून पाणी आणायला उठतो.

माझ्या आधी माझी बायको ज्योती गेली. ती नर्स. वरोऱ्याची मुलगी, चंद्रपूरला शिकली, नागपूरला नोकरी केली, आणि आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलचं बोलावणं आलं तेव्हा रेणू अजून तिच्या अंगावर पीत होती. मी एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होतो, म्हणजे मुख्यतः पगाराची वाट बघत होतो. जावं की न जावं यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. ज्योती निघाली त्या दिवशी शेजारच्या काकूने रेणूला शेळ्यांकडे नेलं. विमानात ज्योतीचे कपडे दुधाने भिजले होते. हे तिने मला फार नंतर सांगितलं, एका भांडणात.

वर्षभराने मीही निघालो, ते वर सांगितलंच. रेणूला लगेच न्यायचं असं आमचं बोलणं होतं. पण दोघांच्या शिफ्टा, दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं घर, पाळणाघरात जागा नाही. माय म्हणाली, "राहू दे तिले माझ्यापाशी. इथी काय कमी हाये?" आणि खरंच कमी काही नव्हतं. तळं होतं, शिंगाडे होते, आबाजींचा, म्हणजे माझ्या बाबांचा, खांदा होता. लगेचचं पुढच्या वर्षी झालं आणि पुढचं वर्ष त्याच्याही पुढे गेलं. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. रेणू आजीला 'माय' म्हणायची, माझ्या तोंडचं ऐकून, आणि ज्योतीला 'फोनवाली मम्मी'. आम्ही सगळे हसायचो. ज्योती हसून झालं की भांडी घासायला उठायची, भांडी नसली तरी.

रेणू चार वर्षांची झाल्यावर तिला न्यायला मी एकटा आलो. महाशिवरात्रीचे दिवस होते. विमान, नवी शाळा वगैरे सांगितलं तर ती मायला सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भुलवण्याच्या कामात तोवर माझा हात चांगला बसला होता. मार्कंड्याच्या जत्रेला चाललो असं सांगू, ही माझीच कल्पना. मायने तिला नवा फ्रॉक घातला, बांगड्या भरल्या, मुरमुऱ्याची पुडी हातात दिली. गाडीत बसताना रेणूने विचारलं, "माय, तू?"

"तू हो समोर. मी येऊनच राह्यली मांगून," एवढं बोलून माय घरात गेली ती बाहेर आलीच नाही.

सिंदेवाहीला गाडी मार्कंड्याकडे जाणाऱ्या मूल गावाच्या रस्त्याला न वळता नागभीडकडे, नागपूरच्या विमानतळाच्या वाटेला, लागली. चार वर्षांच्या मुलीला रस्ते काय कळणार. ती मुरमुरे खात होती आणि मधूनमधून मागच्या काचेतून बघत होती. विमानतळावर तिने जत्रेचं नाव काढलं नाही. सरकतं दार उघडलं की तिकडे बघायची आणि विचारायची, "माय आली का?" आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. तिच्या आयुष्यातून तीन माणसं सुटली आणि तिघांपैकी एकानेही तिच्या तोंडावर खरा निरोप घेतला नव्हता. त्यातल्या तिसऱ्या माणसाला, मायला, तर आम्ही जागेवर ठेवून तिलाच उचलून आणलं.

इकडे पोचलो त्या दिवशी ज्योती दारात गुडघ्यांवर बसून हात पसरून होती. दोन दिवस सुट्टी काढून तिने घर सजवलं होतं. रेणूने तिच्याकडे नीट बघितलं, मग माझ्या खिशातला मोबाईल मागितला. तिला मम्मीला फोन करायचा होता.

मी समजत होतो, महिनाभरात रुळेल. मुलं लवकर रुळतात असं आपण एकमेकांना सांगत असतो, बहुतेक स्वतःसाठीच. रेणू शहाण्यासारखी वागायची. दिलेलं खायची, सांगितलं की झोपायची, आणि बाकी वेळ बाहेरच्या दाराशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. झोपेत दात इतके खायची की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. पोट दुखतं म्हणायची. तिचे तळहात कायम ओले असायचे, इथल्या थंडीतसुद्धा. आणि कशाचंच कौतुक नाही. बाहुली आणा, तळ्यातली बदकं दाखवा, पहिला बर्फ दाखवा, "रेणू, बघ बघ" म्हटलं की ही समोर बघायचीच नाही, झर्रकन मागे वळायची. मी चिडायचो. पोट्टी किरकिरी निघाली, असं मी ज्योतीला म्हणालोही होतो.

सप्टेंबरात ती शाळेत, ज्युनिअर इन्फंट्स म्हणतात त्या पहिल्याच वर्गात, जाऊ लागली. एक दिवस वर्गात कोणीतरी माणूस ससे घेऊन आला. बाकीची मुलं धावली. बाईंनी रेणूला कौतुकाने हाताला धरून पुढे नेलं तर तिने किंकाळी फोडली, जाऊन दाराला पाठ लावली, आणि बाईंचा स्वेटर मुठीत घट्ट धरून तिथेच ओली झाली. शाळेतून फोन आला. डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

रेणू तेव्हा इंग्रजीत तोंड उघडत नव्हती आणि तिची झाडीपट्टीची बोली समजणारा दुभाषी सगळ्या काउंटीत एकच होता, तो म्हणजे मी. बाई जमिनीवर बसून रेणूबरोबर बाहुल्यांचं घर मांडत होत्या आणि मी मधे खुर्चीवर, इकडचं तिकडे करायला. त्यांनी विचारलं, त्या सशांना बघून काय वाटलं? मी मराठीत विचारलं. रेणू बाहुल्यांच्या घराचं दार उघडबंद करत म्हणाली, "कोणी म्हणते पाह्य पाह्य. मंग मागं पाहालं तं कोणी नसते."

ते मी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटलं, म्हणून सांगता आलं.

बाईंनी मला दोषी वगैरे काही म्हटलं नाही. दोष दिला असता तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की अंगात धोक्याची एक घंटा असते. भीती वाटली की ती वाजते, छाती धडधडते, पोट आवळतं, हात घामेजतात, रक्तात त्यासाठीची रसायनं सुटतात. धोका टळला आणि जवळच्या माणसाने कुशीत घेतलं की घंटा थांबते. पण इतक्या लहान वयात जवळचं माणूसच पुन्हा पुन्हा, न सांगता, नाहीसं होत गेलं तर अंग ती घंटा बंद करायचंच सोडून देतं. बाहेरून मूल शांत दिसतं, आतून चोवीस तास पहाऱ्यावर असतं. हे कायमचं नसतं, बाई म्हणाल्या, अंग पुन्हा शिकतं. फक्त निघताना सांगा, दर वेळी. रडली तर रडू द्या. आणि सांगितलेल्या वेळी परत या.

इतकंच औषध होतं. आणि आम्ही घरातले चार मोठे लोक इतकी वर्षं नेमकं त्याच्या उलट, जिवापाड मेहनत घेऊन, करत आलो होतो.

मायला हे मी फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला रसायनं काय सांगणार, म्हणून मी मरळ मासोळीचं सांगितलं. आमच्या घरी विकायची मरळ माय झाकण घातलेल्या गंजात, मोठ्या पातेल्यात, जिवंत ठेवायची. वरून बघाल तर पाणी हलत नाही. पण झाकणाला नुसतं बोट लावलं की ती आतून अशी धडक मारते की झाकण उडतं. रेणू तशी झाली आहे, मी म्हणालो, बाहेरून गप्प दिसते. मायला लगेच समजलं. मग म्हणाली, "म्या तं तिले रडू नये म्हणून केलं." मी घाईघाईने म्हणालो, तुझं काही चुकलं नाही, आम्हीच. पण शब्द पोचले होते. त्यानंतर व्हिडिओ कॉलला बाबाच बसू लागले. माय विहिरीवर गेली, माय मागच्या वाडीत आहे, माय झोपली. माझ्या वाट्याचं ओझं मी उतरवायला गेलो आणि ते पाच हजार मैलांवरच्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवून आलो.

मधल्या काळात ज्योतीने जे केलं ते मी जवळून बघितलं. रोज ड्युटीला निघताना ती रेणूसमोर बसून सांगायची, मी चालले, तू जेवून झालीस की येते. रोज रेणू रडायची. रोज ज्योती रडका चेहरा बघून बस पकडायची आणि सांगितल्या वेळी परत यायची. महिने गेले. एक दिवस रेणूने तिला 'मम्मी' अशी हाक मारली, पुढे 'फोनवाली' नव्हतं. ज्योती त्या दिवशी भांडी घासायला उठली नाही.

यंदा नाताळच्या सुट्टीत गावी जायचं की नाही यावर आमचं चांगलंच वाजलं. रेणू सहा वर्षांची, जरा कुठे ताळ्यावर आलेली. ज्योती म्हणाली, तिकडे गेलो की ती आजीला चिकटणार, आणि निघताना पुन्हा तेच तुटणं. हे सगळं केलेलं वाया गेलं तर? पण मायचा चेहरा पडद्यावर दिसून किती दिवस झाले होते ते दोघांनाही माहीत होतं. आम्ही गेलो.

पहिले दोन दिवस रेणू मायच्या मागे मागे होती, विहिरीवर, वाडीत, चुलीपाशी. माय तिला जेवू घालायची, वेणी घालायची, पण तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मग हळूहळू दोघी शिंगाडे सोलू लागल्या, एक सोलायची आणि दुसरी खायची. निघायचा दिवस आम्ही रेणूला आधीच सांगून ठेवला, रोज पुन्हा सांगत राहिलो. गावाला हे विचित्र वाटलं. शेजारची काकू म्हणाली, "लेकराले काऊन सांगून राह्यले? उगाच जीव जाळता तिचा." मायने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

निघायच्या सकाळी गाडी दारात आली. पेट्या चढल्या. आणि माय कुठे दिसेना. तिच्या चपला दाराशी होत्या, म्हणून आम्ही घरभर हाका मारल्या. मग माझं लक्ष गोठ्याकडच्या दाराकडे गेलं. ते उघडं होतं. शेणाच्या ढिगाला वळसा घालून, अनवाणी, ती निघून गेली होती. मी जसा गेलो होतो तशीच.

रेणूने त्या चपला बघितल्या. तिचा चेहरा पांढरा पडला, हात पोटाशी गेला. ज्योतीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सगळं होतं, सांगितलं होतं मी, हेच सांगितलं होतं. बाबा गडबडून पुढे आले. डोळे पुसत मला म्हणाले, "निघा तुम्ही. थे नाई येत. तिच्यानं होत नाई." आणि मग नातीपुढे वाकून, अगदी मायेने, "चाल बाई, तुले डोंगा दाखवतो. पाह्य, नवा केला आबाजीनं."

"मले नाई पाहाचा," रेणू म्हणाली.

तिने मायच्या चपला उचलल्या, दोन हातांत एकेक, आणि गोठ्याच्या दाराने चालू लागली. ज्योती तिला धरायला पुढे झाली होती, मी ज्योतीचा हात धरला. का धरला ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. आम्ही मागून गेलो.

पाळीच्या पलीकडे, उपड्या डोंग्याच्या, लाकडी होडीच्या, आडोशाला माय बसली होती. पदर तोंडात धरून, पाठ आमच्याकडे. रेणू वळसा घालून तिच्या समोर गेली. चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल. काटे हाय इथी." मग दम घेऊन, रोज ज्योती जसं बोलायची त्याच ठेक्यात, पण स्वतःच्या बोलीत म्हणाली, "माय, मी जाऊन राह्यली. आता गाडीत बसीन. पुढच्या सुट्टीत येईन. तुले रडाचं असन तं रड. चालते."

माय जी रडली ती साऱ्या तळ्याला ऐकू गेली असेल. तिने रेणूला छातीशी ओढलं आणि हेल काढून रडली, आणि रेणूही मोकळं, मोठ्याने रडली, जसं तिने दोन वर्षांची असताना त्याच पाळीवर रडायला हवं होतं. गाडीवाला हॉर्न देत होता. कोणाचाही पाय अडकला नाही. मायने चपला घातल्या, नातीचा हात धरून सडकेपर्यंत आली, आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली. रेणू मागच्या काचेतून बघत होती. या वेळी मागे बघितलं तर माणूस होतं.

सगळं छान झालं असं सांगून मला सुटायचं नाही. परत आल्यावर रेणूचं पोट आठवडाभर दुखलं. दात ती अजून खाते. माय आता कॉलला बसते, पण तिथे तिचे हात रिकामे आहेत आणि ते आम्ही रिकामे केले आहेत. आपल्यापैकी कोणी आज मूल ठेवून निघायच्या तयारीत असेल तर मी काय सांगणार. जाऊ नका म्हणायचा मला अधिकार नाही, मी गेलो आणि पुन्हाही गेलो असतो. फक्त समोरच्या दाराने जा.

कोणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी अजून तळ्याकाठच्या त्या गावाचंच नाव सांगतो. पण माझं घर आता मी निघतो कसा यावरून ठरतं. गोदामातली माझी शिफ्ट भल्या पहाटे असते. रेणू इकडे आल्यापासून, बाईंनी सांगितल्यावरही, मी तिची झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन जिना उतरायचो, आणि त्याला मी काळजी समजत होतो. आता खोलीत जाऊन तिला हलवतो, सांगतो, मी निघालो, शाळा सुटली की दारात असेन. ती डोळे न उघडता हुं म्हणते, कधी थोडी रडते. मग मी वरच बूट घालतो, नाड्या बांधतो, आणि लाकडी जिन्यावरून पाय वाजवत उतरतो, म्हणजे शेवटच्या पायरीपर्यंत तिला ऐकू यावं.